डीएससी पीसी१८३२चा फोन डायलर: पॅनेल पक्के, पण नंबर नीट भरला तरच

डीएससी कंपनीच्या पॉवरसिरीजमधले पीसी१८३२ हे अलार्म पॅनेल सराफी पेढ्या, पतसंस्थांच्या शाखा, गोदामे, मेडिकल दुकाने अशा ठिकाणी आजही भिंतीवर काम करताना दिसते. बोर्डावर ८ झोन (सेन्सर जोडायच्या जागा), वाढवत नेले तर ३२. झोन, पीआयआर (हालचाल टिपणारे सेन्सर) आणि हूटर यांच्याबद्दल बरेच लिहिले-बोलले जाते. इथे फक्त त्यातल्या फोन डायलरचा, म्हणजे अलार्म वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या भागाचा विचार केला आहे, कारण रात्री दोन वाजता शटर उचकटले गेले तर मालकाला उठवणारी तीच एक गोष्ट आहे. हूटर ऐकून शेजारी बाहेर येतीलच याची खात्री बाजारपेठेच्या गल्लीत कुणी देऊ शकत नाही.

आधी निकाल सांगतो. डायलर म्हणून हे पॅनेल भरवशाचे आहे आणि त्यात फेरफार करायला भरपूर वाव आहे. पण कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर ते तुमच्या मोबाइलला फोन लावत नाही. आणि ज्यांच्याकडे ते काही वर्षांपूर्वी बसवले आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांचे पॅनेल आज फोन लावायला गेले तर लागणार नाही. दोष पॅनेलचा नाही, त्यात भरलेल्या नंबरचा आहे.

१५ जानेवारी २०२१ पासून देशात लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. माणसाला ते पहिल्याच फोनला कळले, कारण पलीकडून सूचना ऐकू आली. पॅनेललाही तीच सूचना ऐकू येते, पण त्याला भाषा कळत नाही. ते दहा आकडे फिरवते, उत्तराची वाट बघते, फोन ठेवते आणि पुन्हा फिरवते. पाच वेळा. मग कीपॅडवर ट्रबलचा दिवा लागतो आणि [*][२] दाबले तर ४ क्रमांक दिसतो: संपर्क झाला नाही. हा दिवा प्रयत्न फसल्यावरच लागतो. त्या तारखेनंतर एकदाही अलार्म वाजला नसेल किंवा चाचणी झाली नसेल, तर कीपॅडवर सगळे हिरवेगार दिसते आणि आत जुना, शून्याविना नंबर बसलेला असतो. २०२१च्या आधी बसवलेले पॅनेल असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी एवढेच तपासा.

आता सेटिंग. [*][८] आणि मग इन्स्टॉलर कोड दाबला की प्रोग्रॅमिंग उघडते. मूळ कोड ५५५५ असतो. तो बसवणाऱ्याने बदलला असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. पॅनेल तुमच्या पैशाचे आहे, कोड मागण्यात संकोच नको. आतली प्रत्येक गोष्ट तीन आकडी सेक्शनमध्ये असते. एलईडी कीपॅडवर हे काम डोळे बांधून केल्यासारखे होते. पीके५५०० सारखा अक्षरे दाखवणारा एलसीडी कीपॅड काही वेळापुरता जोडून घेतला तर निम्म्या चुका टळतात.

फोन नंबर ३०१, ३०२ आणि ३०३ या सेक्शनमध्ये जातात. प्रत्येकात ३२ घरे. पहिल्या घरात आधीपासून ‘डी’ हे अक्षर असते. त्याचा अर्थ ‘डायल टोन येईपर्यंत थांब’. ते पुसून तिथून आकडे सुरू केले की पॅनेल टोनची वाट न बघता आकडे फेकते आणि पहिले एकदोन आकडे हवेत जातात. मग पलीकडे भलतीकडेच फोन लागतो किंवा लागतच नाही. म्हणून डी तसाच ठेवा, बाणाने पुढच्या घरात जा, ०, मग दहा आकडी मोबाइल नंबर, आणि शेवटी [#].

अक्षर भरायचे झाले तर [*] दाबायचे, मग १ ते ६ पैकी एक (१ म्हणजे ए, ४ म्हणजे डी, ६ म्हणजे एफ), आणि पुन्हा [*] दाबून आकड्यांवर परत यायचे. अक्षरांच्या अवस्थेत कीपॅडवरचा रेडीचा दिवा लुकलुकत राहतो. दुसऱ्यांदा [*] दाबायचे राहिले तर पुढचे १ ते ६ हे सगळे आकडे अक्षरे म्हणून साठतात. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. रेडीचा दिवा स्थिर झाला आहे हे बघितल्याशिवाय मोबाइलचा पहिला आकडा दाबू नका. ‘ई’ म्हणजे दोन सेकंद थांबा, ‘बी’ म्हणजे फोनवरचे * आणि ‘सी’ म्हणजे फोनवरचे #. ‘एफ’ म्हणजे नंबर संपला. जुन्या लांब नंबरावर नवा छोटा नंबर भरला तर मागचे आकडे शेपटासारखे उरतात, म्हणून नव्या नंबराच्या लगेच पुढे एफ टाका. दुकानात छोटे इंटरकॉम एक्स्चेंज असून बाहेरच्या लाइनसाठी ० किंवा ९ दाबावे लागत असेल, तर डी, तो आकडा, पुन्हा डी, मग शून्यासह मोबाइल नंबर, असा क्रम. त्यातही शक्य असेल तर पॅनेलला इंटरकॉमच्या मागे बसवूच नका. वीज गेल्यावर इंटरकॉम आधी झोपतो.

नंबर भरून भागत नाही. पॅनेलला कुठल्या भाषेत बोलायचे ते सेक्शन ३५०मध्ये सांगावे लागते. तिथे दोन घरे आहेत, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरासाठी. तिसरा नंबर पहिल्याची भाषा घेतो. ०३ म्हणजे कॉन्टॅक्ट आयडी आणि ०४ म्हणजे एसआयए, या दोन्ही भाषा मॉनिटरिंग सेंटरच्या (अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या) रिसीव्हर यंत्रासाठी आहेत. माणसाने तो फोन उचलला तर त्याला नुसती टूं-टूं ऐकू येते, आणि पॅनेलला रिसीव्हरचे उत्तर न मिळाल्यामुळे ते ‘संपर्क झाला नाही’ असेच धरते. थेट मालकाच्या मोबाइलला फोन हवा असेल तर दोन्ही घरांत ०६ भरा. हा रेसिडेन्शियल डायल.

रेसिडेन्शियल डायल कसा वागतो हे घरातल्या किंवा दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. फोन उचलला की एक टोन अधूनमधून येत राहतो. तेव्हा मोबाइलचा कीपॅड उघडून एक बटण दाबायचे. १, २, ४, ५, ७, ८, ९, ०, * आणि # यांपैकी कुठलेही चालते, ३ आणि ६ चालत नाहीत. बटण दाबले की पॅनेल २० सेकंद अलार्मचा आवाज ऐकवते आणि तो फोन पोचला असे समजते. नुसते ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवला तर पॅनेल पुन्हा लावते. हे गैरसोयीचे वाटेल, पण या रचनेचे सर्वात मोठे बळ हेच आहे: झोपेत फोन कट करणाऱ्यालाही पॅनेल सोडत नाही. सगळ्यांना एकच आकडा सांगून ठेवा, ५ सोपा पडतो.

थांबण्याची मुदत सेक्शन १६६मध्ये असते, मुळात ०४० सेकंद. आपल्याकडे ती अपुरी आहे. मोबाइल वाजायला लागायच्या आधीच काही सेकंद जातात. मध्यंतरी सायबर फसवणुकीची सूचना आधी वाजायची तेव्हा तर आणखी जात होते. मग माणूस जागा होणार, फोन शोधणार, उचलणार, कीपॅड उघडणार. ०६० करा. किती वेळा प्रयत्न करायचे ते सेक्शन १६५मध्ये, मुळात ००५, ते तसेच राहू द्या. मात्र हिशेब लक्षात असू द्या: पाच प्रयत्न आणि प्रत्येकी ६० सेकंद म्हणजे एका न उचलणाऱ्या माणसामागे निव्वळ थांबण्यातच पाच मिनिटे जातात. पेढीतला ऐवज उचलायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

त्यावरचा उपाय सेक्शन ३८०मध्ये आहे, आणि तो बहुतेक बसवणारे वापरत नाहीत. पर्याय १ चालू म्हणजे डायलर चालू. तो बंद असेल तर बाकी सगळे व्यर्थ. पर्याय ५ चालू केला की तिसरा नंबर वापरात येतो. पर्याय ६ चालू केला की पॅनेल पहिला आणि तिसरा नंबर आळीपाळीने लावते, म्हणजे मालकाने पहिल्या वाजण्यात उचलले नाही तर लगेच पुढचा फोन भावाला किंवा मॅनेजरला. हे सहाव्या पर्यायाचे बटण एकटेच या पॅनेलची उपयुक्तता दुप्पट करते. पर्याय ३ आणि ४ बंद ठेवा. ते जुन्या चकतीच्या पल्स डायलिंगचे आहेत. ४ चालू राहिला तर पाचव्या प्रयत्नाला पॅनेल पल्सवर जाते आणि आजच्या फायबर बॉक्सवर तो प्रयत्न वाया जाऊ शकतो.

दुसरा नंबर हा तिसऱ्यासारखा बदली खेळाडू नाही. त्याला स्वतंत्र फोन जातो, पण कोणत्या घटनेसाठी जायचा ते सांगावे लागते. सेक्शन ३५१ हे पहिल्या पार्टिशनच्या (सिस्टीमच्या पहिल्या विभागाच्या) अलार्मचे. तिथे १ आणि २ हे दोन्ही पर्याय चालू असले की दोघांनाही फोन जातो. ३५९ टॅम्परचे (छेडछाडीचे), ३६७ उघड-बंदचे (सिस्टीम लावण्या-काढण्याचे), ३७५ देखभालीचे आणि ३७६ चाचणीचे. उघड-बंदचे फोन रेसिडेन्शियल डायलवर लावू नका. रोज सकाळ-संध्याकाळ तोच आवाज ऐकून माणूस खऱ्या वेळीही फोन बाजूला ठेवतो. वीज गेल्याच्या फोनचेही तसेच. जिथे भारनियमन आहे तिथे तो बंद ठेवा, बॅटरी उतरल्याचा चालू ठेवा.

आणखी एक जागा जिथे सगळे बरोबर असूनही फोन जात नाही: रिपोर्टिंग कोड, म्हणजे घटना फोनवरून कळवण्यासाठी तिला दिलेला कोड. पहिल्या आठ झोनचे अलार्म कोड सेक्शन ३२०मध्ये असतात. एखाद्या झोनच्या घरात ०० असेल तर त्या झोनसाठी पॅनेल फोन लावतच नाही, हूटर मात्र वाजतो. त्यामुळे शटरचा फोन येतो आणि मागच्या खिडकीचा येत नाही, असा चक्रावणारा प्रकार घडतो. वापरात असलेल्या प्रत्येक झोनला ०१, ०२ असे सरळ कोड भरून टाका. त्यानंतरच पॅनेलकडे बोट दाखवा.

फोनशी थेट संबंध नसलेले पण भारतात हमखास चुकणारे सेटिंग म्हणजे सेक्शन ७०१चा पर्याय १. तो चालू म्हणजे ५० हर्ट्‌झ, बंद म्हणजे ६०. पॅनेल कॅनडाचे, मुळातले गणित ६० हर्ट्‌झचे. विजेच्या वारंवारतेवरून घड्याळ चालत असेल आणि पर्याय बंद राहिला, तर घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडते. मग सकाळी ११ला ठरवलेला चाचणीचा फोन भलत्याच वेळी येतो आणि घटनांच्या नोंदीतल्या वेळा पोलिसांना दाखवण्याच्या लायकीच्या राहत नाहीत.

वायरिंगबद्दल थोडे, पण ठामपणे. बोर्डावर टिप, रिंग, टी-१ आणि आर-१ अशी चार टोके आहेत. बाहेरून येणारी लाइन टिप आणि रिंगवर यायला हवी, आणि दुकानातले फोन टी-१ आणि आर-१वरून पुढे जायला हवेत. म्हणजे अलार्मच्या वेळी पॅनेल बाकीचे फोन तोडून लाइन स्वतःकडे घेते. बरेच इलेक्ट्रिशियन वेळ वाचवायला पॅनेल फोनच्या समांतर जोडतात. तसे केले तर गल्ल्यावरचा रिसीव्हर नुसता उचलून ठेवला की पॅनेलला डायल टोन मिळत नाही. हे बघायला अगदी सोपे आहे: पॅनेल डायल करत असताना दुकानातला फोन उचला. टोन किंवा आवाज आला तर जोडणी चुकली आहे.

अर्थिंगचे टोक मोकळे सोडू नका. कोकणात किंवा जिथे लाइन खांबावरून येते तिथे जूनच्या पहिल्या विजांमध्ये पहिला बळी डायलरचा जातो. सेक्शन ०१५चा पर्याय ७ चालू केला की पॅनेल लाइनवर लक्ष ठेवते आणि ती तुटली तर ट्रबल ३ दाखवते. पर्याय ८ चालू असेल तर सिस्टीम लावलेली असताना लाइन तुटल्यावर हूटरही वाजतो. सराफी पेढीत तो चालू हवा. पावसात लाइन वारंवार बंद पडते अशा जागी मात्र शेजाऱ्यांची झोप जाईल, तिथे विचार करून ठरवा.

तांब्याची लाइन जाऊन फायबर आले असेल तर पॅनेलची वायर मॉडेमच्या फोन पोर्टला जोडता येते आणि रेसिडेन्शियल डायल त्यावर चांगला चालतो. कॉन्टॅक्ट आयडीचे मात्र खरे नाही. आवाज दाबून पाठवण्याच्या प्रक्रियेत त्यातले सूक्ष्म टोन बिघडतात. फायबरचा खरा कमकुवतपणा वेगळाच आहे. पॅनेलच्या पोटात १२ व्होल्ट ७ एएचची एसएमएफ बॅटरी असते, त्यामुळे मेन स्विच पाडला तरी पॅनेल जागे राहते. मॉडेम मात्र त्याच क्षणी बंद होतो आणि त्यासोबत डायल टोनही. मॉडेमला स्वतःचा छोटा यूपीएस दिल्याशिवाय फायबरवर डायलर बसवणे म्हणजे अर्धे काम. यूपीएस घेताना मॉडेमच्या अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

लाइनच नसेल तर सिम घालायचा जीएसएम टर्मिनल घ्यावा लागतो, जो पॅनेलला खोटा डायल टोन देतो. यात तीन गोष्टी बघा. पहिली, टर्मिनल फक्त २जीचा असेल तर त्यात जिओचे सिम चालणार नाही, कारण जिओचे जाळे ४जीपासूनच सुरू होते. दुसरी, पुष्कळ टर्मिनल आकडे संपल्यावर काही सेकंद थांबून मगच फोन लावतात; # मिळाला तर लगेच लावतात. म्हणून नंबराच्या शेवटी ‘सी’ भरा, प्रत्येक प्रयत्नाचे मोलाचे सेकंद वाचतात. शून्यासह भरलेला नंबर सिमवरूनही लागतो, त्यामुळे तो बदलायची गरज नाही. तिसरी, ९० दिवस सिम वापरले गेले नाही आणि त्यात पुरेशी शिल्लकही नसली तर ते बंद होऊ शकते, आणि अलार्मचे सिम महिनोन्‌महिने गप्पच असते. लांब मुदतीचे फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक आता मिळतात, ते घ्या. वैधतेची शेवटची तारीख कॅबिनेटच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवा. सिमवरचा पिन आधी मोबाइलमध्ये घालून काढून टाका, नाहीतर टर्मिनल वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू होताना अडकतो.

यासाठीच चाचणीचा ठरावीक फोन चालू ठेवावा. वेळ सेक्शन ३७८मध्ये, किती दिवसांनी ते ३७७मध्ये, आणि कोड ३४८मध्ये. वेळेच्या घरात ९९९९ असेल तर चाचणी बंद आहे असे समजा. महिन्यातून एकदा सकाळी ११ वाजता फोन आला की लाइन, सिम, नंबर, सगळे एकाच वेळी तपासले जाते. मात्र चाचणीचा आणि खऱ्या चोरीचा आवाज सारखाच असतो, त्यामुळे तो सर्वांना माहीत असलेल्या वेळीच ठेवा. रात्रीची वेळ कधीच नको.

सेटिंग झाल्यावर चाचणी कशी करावी, यात कंजुषी नको. शेजाऱ्यांना सांगून सिस्टीम लावा, शटर उघडा आणि फोन उचलून ५ दाबा. दुसऱ्या वेळी मुद्दाम उचलू नका आणि तिसऱ्या नंबरवर फोन जातो का ते बघा. तिसऱ्या वेळी मेन स्विच पाडा, दहा मिनिटे थांबा आणि मग शटर उघडा. ही तिसरी चाचणी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि यूपीएस नसलेला मॉडेम तिथेच उघडा पडतो. मोबाइलमध्ये पॅनेलचा नंबर ‘दुकान अलार्म’ नावाने साठवा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्याला सूट द्या. अनोळखी नंबर गप्प करणारे सेटिंग चालू असेल तर पॅनेल कितीही वेळा फिरवू दे, फोन वाजणार नाही.

पोलिसांचा ११२ डायलरमध्ये भरू नका. पलीकडच्या कर्मचाऱ्याला फक्त टोन ऐकू येईल, पत्ता कळणार नाही, आणि एक आपत्कालीन लाइन विनाकारण अडेल. फोन माणसाला जाऊ द्या, माणसाने ११२ला करू दे.

सुरक्षेसाठी दोन ओळी: इन्स्टॉलर कोड सेक्शन ००६मध्ये बदला, आणि मास्टर कोड १२३४ राहिला असेल तर आजच बदला. बाहेरून फोन करून पॅनेल प्रोग्रॅम करण्याची सोय लागत नसेल तर सेक्शन ४०६मध्ये ००० आणि ४०१चा पर्याय १ बंद असल्याची खात्री करा.

उणिवा आहेत. रेसिडेन्शियल डायलवर कोणता झोन वाजला ते कळत नाही. सराफाला शटर वाजले की तिजोरीचा व्हायब्रेशन सेन्सर, हे त्या क्षणी कळणे फार महत्त्वाचे असते. एकाच वेळी अनेक झोन वाजले तरी प्रत्येक नंबरला एकच फोन जातो. बोललेला संदेश नाही. त्यासाठी पॅनेलच्या पीजीएम आउटपुटवर (हवे तसे ठरवता येणाऱ्या आउटपुटच्या टोकावर) रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणारा वेगळा ऑटो-डायलर जोडता येतो, पण मग दोन जागी नंबर सांभाळावे लागतात, आणि एका जागी बदलून दुसऱ्या जागी विसरला जातो. प्रोग्रॅमिंगची भाषा नवख्याला कठीण आहे, हेही मान्य करायला हवे.

आधीपासून पीसी१८३२ असलेल्यांनी ते काढून टाकायची घाई करू नये. वर सांगितलेले सेटिंगमधले बदल करायला सुटे भाग लागत नाहीत, एक दुपार लागते. नव्याने घेणाऱ्यांनी मात्र त्याच कंपनीची पॉवरसिरीज निओ बघावी, कारण मालिका तिकडे सरकली आहे. निओमध्ये सेक्शनची मांडणी वेगळी आहे, म्हणून इथले क्रमांक जसेच्या तसे तिथे भरू नका. मॉनिटरिंग सेंटरशी करार असणाऱ्या बँका आणि मोठ्या पेढ्यांनी फोन डायलर फक्त दुय्यम मार्ग म्हणून ठेवावा, मुख्य मार्ग आयपी कम्युनिकेटरचा (इंटरनेटवरून संदेश पाठवणाऱ्या यंत्राचा) असावा.

पीसी१८३२ बसवणारा निघण्याआधी त्याच्याकडून ३०१ ते ३०३, ३५०, ३५१ आणि ३८० या सेक्शनमधले आकडे एका कागदावर घ्या आणि तो कागद पॅनेलपासून लांब, तिजोरीत ठेवा.